निळ्या हेल्मेटची बारी

फोन आला तेव्हा मी मध्य प्रदेशातल्या कटंगीच्या बाजारात एका वांगीवालीशी भांडत होतो. माझं भांडण म्हणजे भांडण नसतं, प्रयोग असतो. एक वांगं उंच धरून मी तिला विचारत होतो, "माय, ह्याच्या पोटात कोन राहून राह्यलं ते तरी सांग, भाडं कोन घेते त्याचं?" आजूबाजूचे लोक हसत होते, ती बाईही पदर तोंडाला लावून हसत होती, म्हणजे प्रयोग रंगात आला होता. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पुण्याहून अनिकेत, माझ्या मित्राचा, विनायकचा मुलगा. म्हणाला, "काका, बाबा नहीं रहे."

मी हसलो... खरंच हसलो. कारण विनायकने मला आयुष्यभर फोनवरच बनवलं होतं. कधी तो वीज खात्याचा साहेब व्हायचा, कधी माझ्या मुलीला मागणी घालणारा रायपूरचा व्यापारी. मागच्या होळीला तर बाईच्या आवाजात त्याने मला एका भजनी मंडळाचा अध्यक्ष नेमलं होतं आणि मी फोनवरच आभाराचं भाषण ठोकलं होतं. म्हणून मी अनिकेतला म्हणालो, "बापाले दे फोन. अन् सांग त्याले, ह्या खेपेले ॲक्टिंग कच्ची झाली." मग तो पोरगा, तिशी ओलांडलेला पोरगा, हुंदका आवरत म्हणाला, "काका, आई का फोन आया था. मैं निकल रहा हूँ. आप घर जाओ ना प्लीज."

मी बसमध्ये बसलो. उन्हाळा असून मला थंडी वाजत होती एवढं आठवतं. कंडक्टरने "कहाँ?" विचारलं, तर मी "विनायकच्या घरी" म्हणालो. तो नीट माणूस असावा. त्याने समजावून सांगितलं, "बाबूजी, ये तुमसर जा रही है." मी उलट्या दिशेच्या बसमध्ये बसलो होतो. ज्या रस्त्यावरून मी जन्मभर ये-जा केली, तिथे मला विनायकचं बालाघाट कुठल्या बाजूला आहे ते कळेना. तेव्हापासून हे असंच चाललं आहे. विनायक गेल्यापासून मला बऱ्याच गोष्टींची बाजू कळेनाशी झाली आहे, आणि हा लेख वाचून कुणाला ती कळली तर मला जरूर सांगावी.

विनायक आणि मी बालाघाटच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर होतो. तो मलाजखंडला तांब्याच्या खाणीत लागला, इलेक्ट्रिकल विभागात. मी मास्तर झालो आणि फावल्या वेळात गणपतीची नाटकं बसवू लागलो. खाणीच्या वसाहतीत विनायकच्या शेजारी राहणारे एक दाक्षिणात्य इंजिनिअर निवृत्त होऊन गावी निघाले, तेव्हा जाताना ते विनायकला एक खोकं देऊन गेले. कुणी लोणच्याची बरणी देतं, कुणी कुंडी देतं. त्यांनी कॉम्प्युटर दिला. पाटीएवढा, काळा, वर रबरी कळा, खोडरबरासारख्या मऊ. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, तो घरच्या टीव्हीला जोडायचा. त्याच्या पोटात काही राहतही नसे. खेळ खेळायचा तर तो साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून दर वेळी नव्याने भरायचा. भरताना त्यातून असा आवाज यायचा की जणू शंभर रातकिडे एकाच वेळी भांडायला उठलेत. तो आवाज पाच-सात मिनिटं कानात साठवायचा, आणि तोवर लाइट गेली नाही, तर पडद्यावर एक ठिपका दुसऱ्या ठिपक्याला गोळी मारायचा. एवढ्यासाठी अख्खी वसाहत विनायकच्या खोलीत जमायची. लाइट हटकून सहाव्या मिनिटाला जायची. तरी विनायक म्हणायचा, "बसा बसा, जाऊ नका कोनी. येईनच आता." आणि लोक अंधारात बसून राहायचे. मी त्या लोकांत होतो. आम्ही कशाची वाट बघत होतो, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

याच रातकिड्यांनी पुढे सत्यनारायण गाजवला. लग्नानंतर विनायकच्या घरी पहिली पूजा होती. सुनंदावहिनींनी माहेरून भजनाची कॅसेट आणली होती. ती आणि खेळाची कॅसेट दिसायला सारखी, दोन्ही एकाच खणात. कथा संपली, आरतीच्या आधी भजन लावायचं ठरलं, आणि लाउडस्पीकरमधून साऱ्या वसाहतीवर ते रातकिडे सुटले. गुरुजी पाटावरून उठले. एका आजीने कानावर हात ठेवून विचारलं, "काहून रडून राह्यला तो?" वहिनी लाल झाल्या. पण खरी गंमत पुढे आहे. त्याच संध्याकाळी विनायकने दुसरी कॅसेट कॉम्प्युटरला लावली आणि ती पूर्ण बाजू संपेपर्यंत समोर मांडी घालून बसला. मी विचारलं, "का करून राह्यला बे?" तर डोळे न हलवता म्हणाला, "मोठा गेम दिसते. टाइम लागन." तो भजन कॉम्प्युटरमध्ये भरत होता. वहिनी दारात उभ्या राहून ते बघत होत्या. हसल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "माझं नशीब पाहा."

वहिनींचा आणि त्या यंत्रांचा पुढला इतिहास मी असाच लिहून ठेवला होता मनात: वहिनी विरुद्ध यंत्रं. नोकरी लवकर सोडून विनायक बालाघाटला वडिलांच्या घरी राहायला आला आणि त्याने समोरच्या खोलीत संसार मांडला, तो यंत्रांचा. जुने कॉम्प्युटर, पिवळे पडलेले टीव्ही गेम, जाड जाड खेळाच्या कॅसेटी, ज्यांच्या तळाशी तोंड लावून फुंकर मारल्याशिवाय त्या चालत नाहीत असा सगळ्या भारताचा समज आहे. विनायकचाही होता. पण फुंकायचा हक्क फक्त त्याचा. मला तो हात लावू देत नसे. "खर्रा खाऊन फुकू नोको. मागच्या बारीले सुपारीचा तुकडा निंघाला आतून." आता हे खोटं आहे. तुकडा तंबाखूचा होता.

ही यंत्रं तो गावोगाव फिरून आणायचा. लामत्याला एका घरी धान्याच्या कोठीवर एक टीव्ही गेम धूळ खात पडलाय अशी बातमी लागली, तेव्हा मला मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन गेला. घरची बाई पक्की होती. म्हणाली, पैसे नको, पोरांचा खेळणा होता, विकायचा नाही, पण बदल्यात मिक्सर दिला तर देईन. दुसऱ्या दिवशी विनायक गेला आणि स्वतःच्या घरचा मिक्सर देऊन आला. वहिनींना संध्याकाळी चटणी करताना कळलं. त्यांनी आवाज चढवला नाही. त्याने तातडीने नवा मिक्सर आणला, तो त्यांनी खोक्यातून काढलाच नाही. महिनाभर त्या अंगणातल्या पाट्यावर वाटत होत्या, तेही विनायक खेळायला बसला की बरोबर तेव्हाच. घर्र, घर्र. मी गेलो की पाट्यावरून मान वर करून म्हणायच्या, "या भाऊजी. तुमचे मित्र आतमंदी भंगार पुजून राह्यले. प्रसाद घेऊन जा."

तर लामत्याच्या त्या टीव्ही गेमबरोबर एक कॅसेट आली होती. तिच्यात खाणीचा खेळ होता. एक बुटका खाणकामगार, डोक्यावर पिवळं हेल्मेट, तो बोगद्यात उतरतो, रंगीत दगड वेचतो, खड्डे उड्या मारून ओलांडतो आणि कुठेतरी पडून मरतो. अर्धा जन्म खाणीत काढून घरी आलेला माणूस टीव्हीवर पुन्हा खाणीत उतरायचा, आणि खूश असायचा. दोघांनी खेळायचं असेल तर आळीपाळीने. पिवळा मेला की दुसऱ्याची बारी, दुसऱ्याचं हेल्मेट निळं. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की ह्या यंत्राला आठवण नाही. खेळ मधेच सोडून जायचं तर पॉजचं बटण दाबून यंत्र चालू ठेवायचं. वीज गेली की खेळ पहिल्यापासून. म्हणून विनायकने त्या खोलीला वेगळा इन्व्हर्टर घेतला होता. गावात लोक पंख्यासाठी इन्व्हर्टर घेतात.

त्याच्याशी खेळणं ही एक शिक्षा होती. त्याची बारी आली की तो खेळायचाच नाही. वायरवाला रिमोट मांडीवर ठेवायचा, चष्मा पुसायचा, पडद्याकडे बघत बसायचा. मी म्हणायचो, "दाब ना बापा बटन!" तर म्हणायचा, "थांब. इचार करू दे." उडी मारायच्या खेळात कसला विचार? मी विचारलंही होतं. म्हणाला, "मेल्यावर पुन्हा पयलेपासून करा लागते ना. म्हनून." माझी बारी मात्र झटपट असायची. पहिल्या वळणावरचा तो रुंद खड्डा मला इतक्या वर्षांत ओलांडता आला नाही. गावात मी सांगतो की मी चॅम्पियन होतो. इथे, सगळे छापलेलं वाचणार म्हणून, खरं सांगितलं.

शेवटची भेट आदल्या दिवशीची. मी फाटकापाशी चप्पल घालत होतो. तो म्हणाला, "उद्या नोको येऊ. परवा ये. उद्या जरा काम हाय." मी म्हणालो, "कोनतं काम रे तुले?" तो हसला, मिशीतल्या मिशीत, नाटकात मला त्याच्याकडून कधीच जमवून घेता आलं नाही असं सुंदर हसला. "हाय एक." ... कोणतं काम? मी सगळ्यांना विचारलं. कुणालाच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो "आलोच" म्हणून सांबार आणायला कोपऱ्यापर्यंत गेला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. भाजीच्या हातगाडीपाशीच तो बसला, मग आडवा झाला. लोकांनी दवाखान्यात नेलं, तोवर संपलं होतं. वहिनी तेव्हा गच्चीवर कपडे वाळू घालत होत्या, असं त्या सांगतात.

त्याला घरी आणलं आणि समोरच्या खोलीतच ठेवलं, कारण तीच मोठी. बाकीची यंत्रं भिंतीला सरकवली. संध्याकाळी सगळं आटोपून आम्ही वैनगंगेच्या घाटावरून परत आलो, तर विनायकच्या आत्याने त्याला ठेवलं होतं त्या जागी दिवा लावला होता. आणि दिव्याच्या मागे, भिंतीपाशी, टीव्ही गेमचा लाल दिवाही जळत होता. टीव्ही बंद, पण यंत्र चालू. सकाळपासून तसंच. अनिकेत विमानाने येऊन थेट घाटावर पोचला होता; घरात शिरताच त्याने सवयीने बटणाकडे हात नेला. आत्या ओरडली, "हात नोको लावू! तेरवीपर्यंत इथला दिवा इझवायचा नाही!" अनिकेत म्हणाला, "आजी, वो दिया नहीं है." आत्या ऐंशीच्या पुढची आहे. म्हणाली, "मले दिसते ना. जळून राह्यला का नाही?" जळत तर होता. तिच्यापुढे कोण बोलणार? तेरा दिवस त्या खोलीत दोन दिवे राहिले. एकात आत्या तेल घालायची, दुसऱ्यासाठी मी इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी बघायचो. समाचाराला आलेले लोक दोघांनाही नमस्कार करून जात होते. मी हसू दाबायला अंगणात जायचो. तिथे पाटा दिसायचा आणि मला हसू येत नसे.

तेरवी झाली. तेलाचा दिवा शांत केला. आत्या गावी गेली. उरला लाल दिवा. अनिकेतने आईला पुण्याला न्यायचं ठरवलं होतं, आणि ते बरोबरही होतं; वहिनींना एकटं कसं ठेवणार? घर बंद करायचं म्हणजे मेन स्विच बंद करायचा. इन्व्हर्टर तसा किती दम धरणार? पेट्या बांधून झाल्या, आणि आम्ही तिघं त्या खोलीत येऊन उभे राहिलो. अनिकेत म्हणाला, "काका, आप बंद कर दो. मुझसे नहीं होगा." मी हात पुढे केला. मग मला वाटलं, बंद करण्याआधी बघू तरी, काय ठेवून गेलाय. मी टीव्ही लावला.

खाणीचा खेळ. थांबलेला. बोगद्याच्या तोंडाशी बुटका उभा होता, आणि त्याच्या डोक्यावर हेल्मेट निळं होतं.

म्हणजे तो एकटा खेळत नव्हता. त्याची बारी संपली होती, दुसऱ्याची सुरू व्हायची होती, आणि त्या दुसऱ्यासाठी तो थांबवून गेला होता. पण दुसरा कोण? मी लगेच पुढे झालो, स्टेजवर होतो तसा. "मी. दुसरं कोन? माझ्यासाठीच ठेवला त्यानं." मग वर लिहिलेले गुणांचे आकडे दिसले. निळ्याचे विनायकपेक्षा जास्त होते. मी एक पाऊल मागे सरकलो; पहिल्याच खड्ड्यात मरणाऱ्याचे ते नव्हते. अनिकेत हळूच म्हणाला, "शायद मेरे लिए. फोन पे बोले थे, तू आ, तेरी बारी बाकी है." पण तो तर दिवाळीपासून आला नव्हता, त्याच्या नावाचे आकडे कुठून येणार? का विनायक दोन्ही हातांनी खेळत होता, एकदा आपल्यासाठी, एकदा न आलेल्या माणसासाठी? तेही त्याच्या स्वभावाला शोभलं असतं. दुसऱ्या रिमोटची वायर दिवाणापर्यंत ओढलेली होती. दिवाणावर काय, आम्ही सगळेच बसतो. मी बसतो. वहिनी भाजी निवडायला बसतात.

आम्ही दोघं असे वकिलांसारखे बोलत होतो. मग वहिनी दिवाणावर बसल्या. पदर सावरला. दुसरा रिमोट उचलून मांडीवर घेतला. "आई, तुझे आता है?" अनिकेतने विचारलं. त्या म्हणाल्या, "येते कायले? भंगार हाय ते." आणि पॉज सोडला.

निळं हेल्मेट चालू लागलं. एक दगड. दुसरा दगड. वळणावरचा तो रुंद खड्डा आला, माझा खड्डा. वहिनींनी तो ओलांडला, इतक्या सहज, जशी चुलीवरून कढई उतरवावी. अनिकेतने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. पुढे सपाट जागा होती, मोकळी, तिथे लहान मूलही मरत नाही. तिथे एक दगड, वेचायचा नव्हे, मारणारा, वरून हळूहळू येत होता. एवढा हळू की बाजूला व्हायला भरपूर वेळ. वहिनी हलल्या नाहीत. दगड आला, निळा मेला, ती मरणाची छोटी धून वाजली.

पडदा एक क्षण काळा झाला. मग बोगद्याच्या तोंडाशी बुटका उभा राहिला. हेल्मेट पिवळं.

वहिनींनी पॉज दाबला. रिमोट दिवाणावर ठेवला, वायर नीट गुंडाळली, आणि डोळ्यांना पदर न लावता म्हणाल्या, "आता त्यायची बारी हाय. त्यायची बारी असतानी आपन काहून बंद करायचं?" मग माझ्याकडे वळून: "भाऊजी, किल्ली तुमच्यापाशी ठेवा. मेन स्विचले हात लावू नोका."

त्या पुण्याला गेल्या. मी आठवड्यातून दोन-तीनदा जातो, कुलूप उघडतो, बॅटरीत पाणी घालतो, खिडकी जरा उघडी ठेवतो. लाल दिवा जळत असतो. कधी टीव्ही लावून बघतो. पिवळ्या हेल्मेटचा तो बुटका खाणीच्या तोंडाशी उभा असतो, आत जायचं की नाही अशा बेताने. माझा अंगठा शिवशिवतो, कबूल आहे. पण बारी माझी नाही. आणि बसल्या बसल्या मी तीच गोष्ट उलटसुलट करून बघतो. वहिनींना खेळ येत नसेल, तर तो खड्डा? येत असेल, तर तो दगड? चुकून मेल्या, की त्याची बारी यावी म्हणून जागच्या हलल्या नाहीत? आणि येत असेल, तर इतकी वर्षं तो पाटा, ते टोमणे, ते भंगार... मी कोणतं नाटक बघत होतो आणि मला तिकीट कुणी दिलं होतं? "उद्या काम हाय" म्हणून मला येऊ नको सांगितलं, ते काम म्हणजे हेच होतं का? मला विचारायला जमत नाही. असल्या गोष्टी कशा विचारतात?

परवा पुण्याहून वहिनींचा फोन आला. तब्येत, पाणी, तिकडचं ऊन, सगळं झालं. मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, लाइट गेलती का?"

"गेलती. पन इन्व्हर्टरनं धरलं. तो उभाच हाय वहिनी, पिवळा. हलून नाही राह्यला."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "इचार करू द्या त्यायले."